बांधावरचा तुंबा

(दृश्य: जांबोटीच्या वाटेवरची भातशेतं, पाऊस नुकताच उघडलेला)

बेळगावाकडचं खानापूर सोडून कणकुंबीकडे निघालं की दोन्ही अंगांना भात. आपल्याला बघायचाय तो बांध. तिथली ही गुडघाभर झुडपं म्हणजे तुंबा. कुणी कुंभा म्हणतं, वैद्य द्रोणपुष्पी म्हणतात.

(दृश्य: दांडा आणि फूल, अगदी जवळून)

दांडा बोटांत फिरवला की चार कडा लागतात. तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातला हा. पेरापेरावर हिरव्या पेल्यांचा गेंद आणि त्यातून डोकावणारी पांढरीशुभ्र फुलं. फुलाचा वरचा ओठ लवदार, टोपीसारखा वाकलेला. खालचा पसरट, मधमाशीला टेकायला. फूल अलगद उपसून मागच्या टोकाला चोखलं की गोड लागतं, हे इथल्या गुराख्या पोरांना शिकवावं लागत नाही. शिवरात्रीला हीच फुलं पिंडीवर वाहतात.

(दृश्य: आषाढ. आजी आणि सून बांधावर)

"शेंडा तेवढा घे गे, मूळ नको."

फुलं धरली की पाला जून होतो, म्हणून भाजी त्याआधीची. कोवळे शेंडे दोन पाण्यांत धुवायचे, बारीक चिरायचे, एक उकळी देऊन घट्ट पिळायचे. कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो, पण सगळा नाही. थोडा राहायलाच हवा. मग तेलात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ. वरून ओलं खोबरं.

(इथे निवेदन नाही. फोडणीचा आवाज, तांदळाची भाकरी)

सर्दीनं डोकं जड झालं की मूठभर पाला उकळत्या पाण्यात टाकून घोंगडीखाली वाफ घेतात. खरजेवर पाल्याचा रस चोळतात. तिन्हीसांजेला गोठ्यात वाळलेल्या झाडांचा धूर करतात, डासांसाठी. अर्कावरच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत सूज आणि जंतूंवर परिणाम दिसला आहे. साप चावल्यावर मात्र तुंब्याच्या रसात वेळ घालवू नका. थेट दवाखाना, तिथं प्रतिविष मिळतं.

(दृश्य: पाठीवर पंप, पिवळा पडलेला बांध)

तणनाशकानं बांध असे होतात. तुंबा वर्षायू आहे, म्हणजे वर्षभरात संपणारा, दरसाल बियांतून उगवणारा. बी पडण्याआधी फवारणी झाली की पुढच्या पावसात उगवायला फारसं काही उरत नाही. शेतात भांगलण करा, पिकाला जपा. बांधावरचा एक पट्टा मात्र बी झडेपर्यंत तसाच ठेवा.