पुढच्या दाताचा कोपरा उडालाय? कॅपला हो म्हणण्याआधी हे विचारा

नमस्कार. पुढच्या दाताचा कोपरा उडाला, दोन दातांत फट आहे, किंवा दात पिवळट दिसतात. दवाखान्यात गेलात आणि ‘कॅप बसवू’ असं ऐकलंत. हो म्हणण्याआधी एवढं विचारा: डॉक्टर, माझा दात किती घासून कमी करावा लागेल?

(दाताचं मॉडेल हातात)

हे वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. पुढच्या दाताच्या कडेजवळ ते साधारण १ मिलिमीटर जाड असतं, हिरडीजवळ त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. मोडलेलं हाड सांधतं, पण गेलेलं इनॅमल परत येत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. कॅपसाठी दात चहूबाजूंनी १ ते दीड मिलिमीटर उतरवतात, कडेला तर दीड ते २. व्हिनिअर म्हणजे समोरून चिकटवायचा सिरॅमिकचा पापुद्रा. त्याला मुख्यतः समोरून ०.३ ते ०.७ पुरतं. कॉम्पोझिट बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं मऊ मटेरियल दातावर चिकटवून लाइटने कडक करणं. त्याला बहुतेक वेळा नावापुरतंच घासावं लागतं. रूट कॅनॉल झालेला, निम्म्याहून जास्त तुटलेला दात असेल तर कॅप घ्याच. धडधाकट दाताचा नुसता कोपरा उडाला असेल तर मात्र आधी बाँडिंगचं विचारा.

बाँडिंग दिसायला सोपं, पण सगळा खेळ ओलाव्याचा आहे. खुर्चीत बसल्या बसल्या, दात ओला असतानाच रंग ठरवायला सांगा. कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. त्या रंगाला जुळवलेला तुकडा घरी गेल्यावर, दात पुन्हा ओला झाला की, चुन्याचा ठिपका दिसतो. चांगले डॉक्टर कॉम्पोझिटचा छोटा गोळा नुसताच दातावर ठेवून, लाइट मारून रंग ताडून बघतात आणि मग काढून टाकतात.

पुढे रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून दात लाळेपासून वेगळा करतात. तुटलेल्या कडेला १-२ मिलिमीटरचा हलका उतार देतात, म्हणजे जोड दिसत नाही. मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल १५ ते ३० सेकंद.

(क्लोज-अप)

धुऊन वाळवल्यावर तेवढाच भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो बघा. तसा दिसला नाही किंवा त्याला लाळ लागली, तर जेल पुन्हा लावावी लागते. इथे घाई झाली की वर्षभरात जोडाभोवती तपकिरी रेघ उमटते. नंतर बाँडिंगच्या चिकटवणाऱ्या द्रवाचा पातळ थर, हवेचा फवारा, लाइट. कॉम्पोझिट एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड लावायचं नाही, कारण लाइट त्याखाली नीट पोचत नाही आणि आतलं कच्चं राहतं. शेवटचा लाइट ग्लिसरीन जेल लावून मारतात. ती नसेल तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर चिकट राहतो आणि हळद, चहा तोच थर धरतो. पॉलिश झाल्यावर रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा दात मिटून तर चावाच, जबडा पुढे सरकवूनही चावून दाखवा. नवा कोपरा तिथे जोरात आपटत असेल तर तोच पुन्हा उडणार. उडाला तरी दुरुस्ती बहुधा एका बैठकीत होते, हा बाँडिंगचा मोठा फायदा.

आता रंग. मिश्री, तंबाखू, चहाचे वरचे डाग सफाई आणि पॉलिशने निघतात, त्यासाठी ब्लीचिंगचे, म्हणजे जेलने दात पांढरे करण्याचे, पैसे घालवू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी पट्टे इनॅमल बनतानाच आत बसलेले असतात. हलके पट्टे मायक्रोॲब्रेजनने, म्हणजे ॲसिड आणि बारीक भुकटीने वरचा किंचित थर घासून, बरेच फिके होतात. त्यासाठी सरसकट कॅप लावू नका. आणि एकच दात काळपट पडला असेल तर आधी एक्स-रे काढा. जुन्या मारामुळे आतली नस मेलेली असू शकते. तिथे आधी रूट कॅनॉल आणि मग आतून ब्लीचिंग.

सगळेच दात पिवळट असतील तर घरचा ट्रे, म्हणजे दातांच्या मापाचा साचा: त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची ब्लीचिंग जेल, रात्री, साधारण २ आठवडे. ट्रेमध्ये जेलचा बारीक ठिपका पुरतो, जास्त भरली तर हिरडी भाजते. थंड लागून दात ठणकायला लागले तर एक-दोन रात्री सोडा. लक्षात ठेवा, ब्लीचिंगने जुन्या कॅपचा किंवा फिलिंगचा रंग बदलत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग, मग २ आठवडे थांबून बाँडिंग. लगेच केलं तर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे पकड कमजोर होते.

व्हिनिअरच करायचं ठरलं, तर दात घासण्याआधी ट्रायल मागा. मॉडेलवर मेणाने नवे दात घडवतात आणि त्या साच्यातून तात्पुरतं मटेरियल तुमच्या दातांवर बसवतात. ते लावून हसा, आणि ‘ऑफिस’, ‘फोटो’, ‘वावर’ असे शब्द मोठ्याने म्हणा. ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकीच टेकली पाहिजे. ओठात रुतली तर दात लांब झालेत. तिथल्या तिथे, ट्रायलमध्येच कमी करून घ्या.