खाली माग, वर तीन संगणक

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. अरुंद बोळ, चालू यंत्रमागांची खटखट.]

निवेदन:
सोलापूरच्या पूर्व भागात अजूनही खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. चादरीवरचा मोर मागाला कळायचा तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. भोक असेल तिथं ताण्याचा दोरा वर उचलला जायचा, नसेल तिथं खालीच राहायचा. कार्डांची ती माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, टांगलेली असे. उंदरानं कुरतडली तर दिसायचं, आणि तेवढं कार्ड बदलून माग पुन्हा सुरू करता यायचा.

आता नक्षी संगणकावर निघते. ती फाईल बिघडली, तर ज्या दिवशी लागते त्याच दिवशी कळतं.

[दृश्य: वरची खोली. टेबलावर डेस्कटॉप, शेजारी लॅपटॉप.]

या घरात डेस्कटॉपवर वडिलांची बिलं आणि टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. मुलाच्या लॅपटॉपवर नक्षी. थोरली पुण्याला नोकरीला. ती सुट्टीत येते तेव्हा तिचं मॅकबुकही येतं आणि त्यात सगळ्या घराचे फोटो. या तिन्हींचा बॅकअप, म्हणजे जास्तीची प्रत, घ्यायला बाहेरून जोडायची डिस्क हवी आहे. कोणती घ्यायची?

दुकानात जाण्याआधी घरातच एक बेरीज करावी लागते. संगणकाच्या खोक्यावर किती जीबी लिहिलंय ते बाजूला ठेवा, भरलंय किती ते बघा. समजा 180, 420 आणि 250. झाले 850 जीबी. बॅकअप जुन्या आवृत्त्याही साठवतो, म्हणून निदान दुप्पट जागा धरायची. म्हणजे 2 टीबीची, 2000 जीबीची डिस्क. ती जोडल्यावर विंडोज 1.81 टीबीच दाखवील. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या.

[दृश्य: नवी पेठ. दुकानाच्या काउंटरवर डिस्कची खोकी.]

«पाच टीबीच घेऊन टाका की मालक. सगळं ह्याच्यातच बसतंय.»

«आणि हीच पडली तर, काका?»

निवेदन:
मुलीचा प्रश्न बरोबर आहे. दुकानदार हसतो, पण उत्तर देत नाही. आमचं मत विचाराल तर एका मोठ्या डिस्कऐवजी दोन मध्यम घ्याव्यात. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतली बिलं मिळत नाहीत.

मग प्रश्न येतो हार्ड डिस्क की एसएसडीचा. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. खाली माग धडधडत असताना त्याच मजल्यावर ती चालवणं धोक्याचं. शिवाय अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान 5 ते 35 अंश दिलेलं असतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. एसएसडीत डेटा चिपांवर विद्युतभाराच्या रूपात राहतो. फिरणारं काही नाही, धक्का लागला तरी ती सहसा तग धरते. मात्र त्याच पैशात जागा कमी मिळते, आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकून ठेवायला ती योग्य नाही. आतला विद्युतभार हळूहळू ओसरतो आणि त्याबरोबर डेटाही जाऊ शकतो.

या घरानं मधला मार्ग काढला. रोज हाताळायची ती एसएसडी. दुसरी हार्ड डिस्क, जी मागापासून लांब राहील आणि पहाटेच्या गारव्यात चालेल.

हार्ड डिस्कमध्येही छोटी, अडीच इंची घेतली. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. फाईल उतरत असताना लाईट गेली की काम अर्धवट. छोटी डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते, आणि लॅपटॉपला बॅटरी असतेच.

[दृश्य: डेस्कटॉपची मागची बाजू. काळी आणि निळी यूएसबी भोकं.]

वायर कुठं खुपसली यानंही फरक पडतो. यूएसबी 2च्या पोर्टमधून सेकंदाला साधारण 35 एमबी जातात. 1 टीबीला आठ तास. निळं पोर्ट बहुधा यूएसबी 3चं असतं. तिथं हार्ड डिस्क 110च्या आसपास गेली, तर अडीच तासांत मोकळे.

मॅकबुकचा प्रश्न वेगळा. विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीनं मांडणी केलेली डिस्क मॅक वाचतो, पण मुळात त्यावर लिहीत नाही. आणि त्याच्या टाइम मशीनला, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअप सोयीला, स्वतःच्या पद्धतीची जागा लागते. म्हणून डिस्क रिकामी असतानाच तिचे दोन भाग पाडायचे, एक मॅकचा, एक विंडोजचा. भरल्यावर हा उद्योग करायला घेऊ नये.

आणि ऑनलाइन मातीमोल भावात 16 टीबी दिसली तर? त्या डबीत पुष्कळदा छोटं मेमरी कार्ड निघतं. संगणकाला ती खोटी जागा सांगते, कॉपी झाल्याचंही दाखवते, पण खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठंच लिहिला जात नाही किंवा जुन्यावर लिहिला जातो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून परत वाचतं. नवी डिस्क कुठूनही आणा, ही तपासणी आधी.

[दृश्य: मुलगा डिस्क सुरक्षितपणे काढून वायर गुंडाळतो.]

बॅकअप झाला की वायर काढायची. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर ते जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं.

दुसरी डिस्क जुळे सोलापूरला मामांकडे. महिन्यातून एकदा घरी आणायची, बॅकअप करायचा, टॅलीचा डेटा दुसऱ्याच संगणकावर उघडून शिल्लक जुळते का बघायचं आणि परत पाठवायची. व्यापाऱ्यांची खाती घराबाहेर चाललीत, म्हणून मॅकच्या भागाला वेगळा पासवर्ड आणि विंडोजच्या भागाला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला घालायचं कुलूप. बिटलॉकर लावायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते. विंडोजच्या होम आवृत्तीवर ते कुलूप उघडता येतं, घालता येत नाही. त्याची 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा आकडा, वडिलांनी खतावणीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. खतावणी घरीच राहते, डिस्कच्या पिशवीत जात नाही.