एलपी ४७

नमस्कार श्रोतेहो.

परक्या देशात मध्यरात्री उतरलेल्या माणसाला आधी काय लागतं? पत्ता. कागदावर, हाताने लिहिलेला पत्ता. हे मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका.

गोष्ट त्रिनिदादची. माझ्या पिढीला तिथल्या राजधानीचं, पोर्ट ऑफ स्पेनचं नाव १९७१पासून पाठ. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्धची आपली पहिली कसोटी तिथेच जिंकली. सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण, दोन्ही त्याच सामन्यात. (तेव्हा धावा मोजायचे, आता जाहिराती मोजतात. असो.) तर हिचा मामेभाऊ पॉइंट लिसासला अमोनियाच्या कारखान्यात नोकरीला. शगवानसजवळच्या एका गावात राहतो. त्या रात्री त्याची नेमकी रात्रपाळी. त्याने कळवलं होतं, "टॅक्सी करून या, पत्ता सोपा आहे." आणि पत्ता काय, तर 'एलपी ४७', पुढे रस्त्याचं नाव. बस्स.

मी रेडिओवाला माणूस. एलपी म्हटलं की मला तबकडीच आठवणार. मग वाटलं, घरमालकाची आद्याक्षरं असतील, आपल्याकडे एल. पी. कुलकर्णी असतात तसे. मी जास्त विचार केला नाही.

पियार्को विमानतळावर उतरलो तेव्हा रात्रीचे पावणेबारा. पुण्यात सकाळचे सव्वानऊ. म्हणजे शरीर नाश्ता मागतंय आणि बाहेर काळोख. विमान थांबायच्या आत आमची निम्मी मंडळी पिशव्या घेऊन उभी. दार उघडायला पंधरा मिनिटं लागणार, हे काय पहिल्यांदाच कळलं का त्यांना? मी मुकाट्याने बसून राहिलो आणि रांगेत शेवटचा लागलो. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, "गुड नाइट." मी गार! दीड दिवसाचा प्रवास करून आलो आणि या बाई निरोप देतायत? मागून एका तरुणाने समजावलं, काका, इथे संध्याकाळनंतर भेटलं की असंच म्हणतात. हे लक्षात ठेवा. आधी गुड नाइट, मग काम. थेट प्रश्न विचारणारा तिथे उद्धट ठरतो. माझ्या मते ते बरोबरच आहे.

त्यांनी फॉर्म पाहिला, "एलपी ४७, बरं," म्हणाल्या आणि शिक्का मारला. म्हणजे त्यांना कळलं होतं. मलाच नव्हतं.

बाहेर टॅक्सी. तिथे भाड्याच्या गाडीच्या पाटीवर नंबर 'एच'ने सुरू होतो, खासगी गाडीचा 'पी'ने. एच बघून बसायचं आणि भाडं बसण्याआधी ठरवायचं. गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते, तेवढाच जिवाला आधार. माझा फोन मुका. ड्रायव्हर सत्तरीचे, काटकुळे, डोक्यावर टोपी. त्यांना मी कागद दिला. कागद, श्रोतेहो! फोनमध्ये असता तर तिथेच रात्र काढली असती.

हमरस्ता सोडून गाडी गावात शिरली. घरांसमोर बांबूंवर लाल-पिवळे झेंडे. पूजा झाली की अंगणात रोवतात, झंडी म्हणतात त्यांना. आणि एकाएकी ड्रायव्हरने गाडी पायीचालीच्या वेगावर आणली, काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मोजायला लागले. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

विजेचे खांब! एलपी म्हणजे लाइट पोल. जिथे घरांना नंबर नाहीत तिथे जवळच्या खांबाचा नंबर हाच पत्ता. हसू नका. आपल्याकडे 'पिठाच्या गिरणीमागे' लिहितात, ती गिरणी बंद पडून वीस वर्षं झालेली असतात. खांब निदान जागचा हलत नाही.

चव्वेचाळीस मिळाला. पुढच्या खांबावर वेल चढलेला, नंबर गायब. म्हातारबुवा उतरले. मीही उतरलो. गावातली यच्चयावत कुत्री जागी झाली. म्हातारबुवांनी वेल बाजूला सारला, रुमालाने खांब पुसला. पंचेचाळीस. रुमाल झटकत ते म्हणाले, "अशाच एका खांबाशी माझी आजी राहायची."

आजी! मी विचारलं, काय म्हणालात? "आजी. वडिलांची आई. आईची आई ती नानी." त्यांना हिंदी येत नव्हतं, भोजपुरीही नाही. ३० मे १८४५ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी करारावरचे मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७पर्यंत अशी जहाजं येत राहिली. माणसं बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. भाषा गेली, पण तवा राहिला, बेलना राहिलं, आजी राहिली. मी म्हटलं, आमच्याकडेही आजीच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमची आहे अजून?" मी मान हलवली. पुढचे दोन खांब आम्ही चालतच गेलो, गाडी मागे दिवे लावून उभी.

मधेच एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. तिकडे जाताना लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, पिशवीसुद्धा नको. सामान्य माणसाला तिथे कायद्याने बंदी आहे. आणि पत्ता, कागदावर.

सत्तेचाळीसच्या खांबासमोर फाटक, आत दिवा. मी कडी वाजवली. जाळीच्या दारामागून आवाज आला, "कोण?"

मी नवं शिकलेलं झोकात म्हणालो, "गुड नाइट!"

"गुड नाइट, भावोजी," वहिनी कुलूप काढत म्हणाल्या, "पोहे भिजवलेत, फोडणी टाकू ना?"