धारोष्ण दूध आणि अ‍ॅलिसबाई

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा संपत आलीय, होम मैदानावरचे पाळणे पोरांनी दोन-दोनदा फिरून झाले असतील. मी मात्र परवा रेवणसिद्धेश्वराकडं जनावरांच्या बाजारात गेलो होतो. रिटायर झालो तरी ही खोड काही जात नाही बघा. नोकरीची सगळी वर्षं जनावरांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात गेली, मोहोळ म्हणू नका, मंगळवेढा म्हणू नका, सगळे गोठे पालथे घातलेत. तर तिथं एक पोरगं, तालमीतलं असावं, पंढरपुरी म्हशीखाली बसलं, तांब्यात धार काढली आणि फेसासकट तसंच घटाघटा प्यायलं. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघतायत. एक आजोबा म्हणाले, असं धारोष्ण दूध पचवणारी पोरं आता राहिली नाहीत. मी काहीच बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं. म्हणून आज इथं बोलतोय.

आजचा विषय आहे अ‍ॅलिस इव्हान्स. अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञ बाई, जनावरांच्या रोगांवर काम केलेल्या. जन्म १८८१चा, पेनसिल्व्हेनियातल्या नीथ नावाच्या खेड्यात. शेतकऱ्याची मुलगी. शिकली आणि मास्तरीण झाली, कारण त्या काळी बाईला दुसरं काय करायला देणार, चार वर्षं शाळेत शिकवलं. मग कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी फुकट कोर्स होता तो करायला गेली आणि तिथंच रमली, परत काही शाळेत आली नाही. १९१० साली सरकारच्या डेअरी खात्यात नोकरी लागली. काम कसलं, तर दुधात आणि चीजमध्ये कोणते जंतू असतात ते बघायचं. १९१३ला वॉशिंग्टनच्या मोठ्या ऑफिसात बदली झाली, तेव्हा एक बाई शास्त्रज्ञ म्हणून येतेय हे ऐकून साहेब लोक खुर्चीवरून पडायचेच बाकी होते, असं तिथल्या स्टेनोनं सांगितल्याचं बाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या ऑफिसांत हे साहेब मला बरेच भेटलेत, आणि ते १९१३ मधले नव्हते. असो.

आता बाईंनी काय शोधलं ते सांगायचं तर आधी माल्टाच्या शेळ्या सांगाव्या लागतात. ही माझी आवडती गोष्ट आहे, आमच्या घरच्यांना पाठ आहे, तुम्ही ऐका.

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एक एवढंसं बेट. तिथं इंग्रजांचं आरमार आणि लष्कर होतं, आणि सोल्जरांना एक विचित्र ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, रात्री घाम असा की अंथरूण पिळून घ्यावं, सांधे धरलेले, कंबर धरलेली, महिनोन्‌महिने माणूस नुसता पडून. नावच पडलं माल्टा ताप. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सोल्जरांच्या प्लीहेतून त्याचा जंतू काढला आणि १८८७ साली तसं जाहीर केलं. जंतू सापडला, पण तो माणसाच्या पोटात येतो कुठून हे पुढं अठरा वर्षं कुणाला कळेना. कुणी म्हणे बंदरातली घाण, कुणी म्हणे हवा, कुणी म्हणे डास.

आणि आता बघा हं. माल्टात दूध कसं मिळायचं? शेळीवाला आपला कळप घेऊन गल्लोगल्ली फिरायचा आणि दारात शेळी उभी करून धार काढून द्यायचा. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक असलं तर शेळीच जिना चढायची! आपल्याकडं म्हैस दारात आणून समोर धार काढून द्यायची पद्धत होती ना, कोल्हापूरला तर कट्ट्यावर अजूनही म्हशी उभ्या असतात, अगदी तस्संच. समोर काढलेलं, पाणी घातलेलं नाही, ताजं, म्हणजे शुद्ध. हेच माल्टाच्या बायकांना वाटायचं आणि हेच आपल्याला वाटतं. पाणी नाही म्हणजे शुद्ध. पाण्याचीच धास्ती आपल्याला, जंतूची नाही.

तर १९०५ साली थेमिस्टोक्लिस झॅमिट नावाचा तिथलाच डॉक्टर, मोठा हुशार माणूस, पुढं ह्यानंच माल्टातली हजारो वर्षांपूर्वीची मंदिरं उकरून काढली, पण ते राहू दे. त्यानं प्रयोगासाठी म्हणून शेळ्या घेतल्या. विचार असा की शेळीला हा रोग होत नाही, तिला जंतू टोचून काय होतं ते बघू. टोचायच्या आधी रक्त तपासलं. आणि सहातल्या पाच शेळ्यांच्या रक्तात आधीच रोगाची खूण! शेळी खातेय, पितेय, तुकतुकीत दिसतेय, भरपूर दूध देतेय, आणि आत जंतू. मग बेटावरच्या शेळ्या तपासल्या, तर साधारण दहातली एक शेळी दुधातून जंतू सोडत होती. आणि गंमत बघा, गंमत कसली, वाईटच की, सोल्जर आजारी पडला की दवाखान्यात त्याला ताकद यावी म्हणून काय द्यायचे? शेळीचं दूध. साधं हाड मोडून गेलेला माणूस ताप घेऊन घरी यायचा.

आता खरी गोष्ट. त्याच १९०५च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे झॅमिटचं नुकतंच कळलंय आणि अजून जगभर झालेलं नाही, तोवर अमेरिकन सरकारला वाटलं माल्टाची शेळी दुधाला फार चांगली, आपल्याकडं आणूया. त्यांचा माणूस गेला, साठेक शेळ्या निवडल्या, आपण सांगोल्याच्या बाजारात बघतो तशा कास बघून, दात बघून, एकेक देखणी. जोशुआ निकल्सन नावाच्या जहाजावर चढवल्या. जहाज माल्टाहून अँटवर्पला आणि तिथून पुढं अमेरिकेला शेळ्या जायच्या. आता जहाजावर एरवी दूध कुठलं! इथं साठ शेळ्या, रोज बादल्या भरून दूध, फुकट. खलाशी प्यायले. पोटभर प्यायले, कच्चंच प्यायले, धारोष्ण. हा आजार लगेच उठत नाही बघा, दोन-तीन आठवडे सगळं गोडीगुलाबीत चालतं, आणि मग एकेक जण तापानं आडवा. चढतोय, उतरतोय, घाम. जहाजावरचे बरेच लोक आजारी पडले. समुद्राच्या मधोमध माल्टाची हवा नाही, बंदराची घाण नाही, दुसरं काही नाही, फक्त शेळ्या आणि दूध. एखाद्यानं मुद्दाम प्रयोग मांडला असता तरी इतका नीट जमला नसता. शेळ्या अमेरिकेत पोचल्या, क्वारंटाईनमध्ये ठेवल्या, तिथं दूध प्यायलेली एक बाई आजारी पडली, आणि शेवटी सरकारनं निवडून निवडून आणलेला तो सगळा कळप मारून टाकला. इकडं १९०६ला माल्टातल्या इंग्रज फौजेला शेळीचं दूध बंद केलं, आणि अठरा वर्षं न हललेला ताप फौजेतून बघता बघता ओसरला. औषध नाही, इंजेक्शन नाही. दूध बंद, ताप बंद.

काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत, म्हणजे निम्मा वेळ शेळ्यांनी खाल्ला. शेळ्या खाणारच. तर अ‍ॅलिसबाई.

झालं असं की गायींमध्ये एक रोग होता, गाभडण्याचा, म्हणजे दिवस भरायच्या आधीच गर्भ पडण्याचा. गाय पाच-सहा, सात महिन्यांची गाभण असताना गाभडते, वार, म्हणजे गर्भाभोवतीची झिल्ली, आतच अडकते. त्याचा जंतू डेन्मार्कच्या बांग नावाच्या पशुवैद्यानं १८९७ला शोधला होता. आता माल्टाच्या जंतूला पुस्तकात गोल म्हणून नोंदवलेलं आणि गायीच्या जंतूला काडीसारखा म्हणून. एक डॉक्टरांच्या कपाटात, दुसरा जनावरांच्या डॉक्टरांच्या कपाटात. दोघांना शेजारी ठेवून बघावं असं कुणाला सुचलंच नाही. बाईंनी ठेवले. आणि दिसलं की हे सख्खे भाऊ आहेत, वेगळे ओळखायचे तरी पंचाईत. आणि हा जंतू वरून ठणठणीत दिसणाऱ्या गायीच्या दुधातही मिळत होता. म्हणजे शेळीच्या दुधानं माणूस आजारी पडतो तर गायीच्या का नाही? इतका साधा प्रश्न. डिसेंबर १९१७ला त्यांनी हे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं, १९१८ला छापलं, आणि म्हणाल्या, दूध तापवूनच विका.

कुणी विश्वास ठेवला नाही. बाई, त्यात पीएचडी नाही, त्यात डॉक्टर नाही. थिओबाल्ड स्मिथ म्हणजे त्या काळातला फार मोठा माणूस, तोही विरोधात. असं असतं तर आधीच कुणाला तरी दिसलं नसतं का, हा युक्तिवाद. आणि दूधवाले म्हणायला लागले की बाईंचं दूध तापवायच्या मशिनवाल्यांशी साटंलोटं आहे. १९२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेनं पडताळून बघितलं आणि बाईंचंच खरं निघालं. ब्रूसच्या नावावरून त्या जंतूंना ब्रुसेल्ला म्हणायला लागले, आजार ब्रुसेलोसिस.

१९२२मध्ये काम करता करता बाईंनाच लागण झाली. पुढं वीसेक वर्षं तो ताप येत-जात राहिला. आणि ज्या बाईनं आजार ओळखला तिलाच डॉक्टर काही वर्षं म्हणत राहिले की काही नाही, नसांचा अशक्तपणा आहे, मनाचे खेळ आहेत. माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं. चार म्हशी, स्वतः धार काढणारा माणूस, तीन महिने ताप. कुणी टायफॉईड म्हणालं, कुणी टेन्शन घेऊ नका म्हणालं. शेवटी मीच विचारलं, दाजी, एवढ्यात म्हैस गाभडली होती का ओ? गाभडली होती, आणि वार ह्यांनी उघड्या हातानं ओढून काढली होती. मग रक्त तपासलं. एवढा एक प्रश्न डॉक्टरनं विचारला असता तर, पण जाऊ दे. तुम्हाला ताप असेल आणि घरी जनावरं असतील तर तुम्हीच आपणहून सांगा डॉक्टरला, तो विचारेल म्हणून बसू नका.

१९२८ला बाई अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या बाई अध्यक्ष. १९४५ला रिटायर झाल्या आणि १९७५पर्यंत जगल्या, ९४ वर्षं.

आता कामाचं पटपट सांगतो. दूध उकळून. आपल्या घरात आई-आजी उकळतातच, सायीसाठी का होईना, त्यामुळं आपण बरेच वाचलोय. पण आता व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन शहाणे आलेत, काचेच्या बाटलीतलं देशी गायीचं दूध कच्चंच प्या, उकळलं की सत्त्व जातं म्हणून सांगणारे. माल्टाच्या खलाशांनी पूर्ण सत्त्व घेतलं होतं. पंचामृतातलंही दूध आधी तापवून गार करून घ्या, देव रागावत नाही, मी देवाच्याच गावचा आहे. म्हणजे उकळूनच.

दुसरं, जनावर गाभडलं तर वार, गर्भ, काही उघड्या हातानं धरायचं नाही. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला. खोल खड्डा, वर चुना. कुत्र्यांपुढं टाकायचं नाही आणि ते वडाला बांधायचं तर बंद करा, पोत्यात वार भरून वडाला टांगली की दूध वाढतं म्हणून अजून किती झाडांना लोंबताना दिसतात.

तिसरं, ह्या रोगाची लस. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि रेड्या, फक्त माद्या, एकदाच टोचायची. कालवडी, रेड्या, चार ते आठ महिने, लक्षात ठेवा. ही लस कशी मिळाली माहितेय का? १९२३ला बक नावाच्या शास्त्रज्ञानं एका जर्सी गायीच्या दुधातून जंतू काढले आणि ती नळी वर्षभराहून जास्त टेबलावर तशीच राहिली, फ्रिजमध्ये ठेवायची राहून गेली. जंतू जिवंत राहिले पण त्यांची नांगी गेली. तीच एस एकोणीस. माझ्या टेबलावर पण बऱ्याच नळ्या राहायच्या, आमचे साहेब ओरडायचे, त्यातून काही निघालं नाही ते वेगळं.

लाल दिवा लागला. पुढच्या वेळी जनावरांचे दुसरे दोन रोग, घटसर्प आणि फऱ्या, पावसाळ्याच्या आत सांगतो. आणि बाजारातलं ते तालमीतलं पोरगं ऐकत असेल तर बाळा, तांब्या आधी गॅसवर ठेव.