नागपूरच्या झडीत सायकलस्वाराचे जॅकेट

श्रोतेहो, नमस्कार. जॅकेट अंगावर असूनही सेमिनरी हिल्सचा चढ चढून फुटाळ्याला उतरेपर्यंत आतला शर्ट पिळण्याइतका ओला झाला, की बहुतेक सायकलस्वार दुकानदाराला दोष देतात. प्रत्यक्षात अनेकदा जॅकेट गळलेले नसते. घामाला बाहेर पडायला वाट मिळालेली नसते. आपल्या हवेत पावसाळी जॅकेट निवडायचे असेल, तर पाऊस किती अडतो यापेक्षा घाम कोठून बाहेर जातो, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जॅकेटच्या लेबलवर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीच्या दाबाला पाणी कापडातून पाझरू लागते, ते हा आकडा सांगतो. म्हणजे १०,००० मिलिमीटरचे कापड दहा मीटर उंच पाण्याचा दाब सोसते. पावसाच्या थेंबाचा दाब त्या मानाने किरकोळ असतो आणि पाठीवरच्या पिशवीचे पट्टे खांद्यावर रुततात, तेथेच तो वाढतो. वर्धा रोडने कार्यालयात जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला १०,०००चे कापड पुरते. मात्र शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या आहेत की नाहीत, हे जॅकेट उलटे करून उजेडात पाहावे, कारण सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते आणि आकड्यात त्याचा हिशेब नसतो.

दुसरा आकडा वाफेचा असतो: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, तो. हे मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि त्यातून गोर-टेक्सचे कापड आले. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण ही वाफ आपोआप जात नाही. आतल्या हवेत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेरच्या हवेत कमी असेल, तरच ती बाहेर ढकलली जाते. युरोपातल्या दहा अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. जुलैत नागपूरला झड लागते, तेव्हा बाहेरची हवाच सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते, त्यामुळे तो फरक तिकडच्या निम्म्याहूनही कमी उरतो. महागातले महाग कापडही येथे अर्ध्या ताकदीने काम करते.

म्हणून बगलेखाली लांब चेन, पाठीवर झडपेखाली झाकलेली जाळी आणि वरून-खालून दोन्हीकडून उघडणारी पुढची चेन, या तीन गोष्टींना मी कापडाच्या नावापेक्षा जास्त किंमत देतो. वारा आत शिरून बाहेर पडला, की घामाची वाफ त्याच्याबरोबर जाते. त्यासाठी पडद्याची मेहरबानी लागत नाही.

सीताबर्डीच्या दुकानात जॅकेट घालून आरशासमोर ताठ उभे राहू नये. कमरेत वाकून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून पाहावे. बाही मनगटाच्या वर सरकली किंवा पाठीचा भाग पट्ट्याच्या वर गेला, तर ते चालण्याचे जॅकेट आहे, सायकलचे नव्हे. पाठीमागचा भाग लांबच हवा, विशेषतः मडगार्ड नसलेल्या सायकलवर, कारण मागचे चाक काळ्या चिखलाची सरळ रेघ पाठीवर उमटवते. टोपी हेल्मेटखाली मावणारी नसेल, तर नसलेलीच बरी; मागे वळून पाहताना ती डोळ्यांवर येते. रंग भडक आणि चमकपट्ट्या बाहूंवरही असाव्यात. रात्रीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, परावर्तक जाकीट सक्तीचे असते. पावसाचे जॅकेट चढवताना हे जाकीट आत झाकले जाऊ नये.

आता निगा. नव्या जॅकेटवर पाणी मोत्यांसारखे ओघळते, ते वरच्या कापडाला दिलेल्या जलरोधक लेपामुळे. हा लेप घासला किंवा मळला, की वरचे कापड पाणी पिऊन जड होते, वाफेची वाट बंद होते आणि आतला पडदा शाबूत असूनही अंग ओले लागते. हल्ली पर्यावरणाच्या कारणास्तव फ्लोरीन नसलेले लेप वापरतात. ते पाणी झटकतात, पण तेलापुढे हार मानतात. तेव्हा सायकलच्या साखळीचे वंगण आणि मानेवर ओघळलेले खोबरेल तेल, दोन्हींपासून कॉलर व बाह्या जपाव्यात.

जॅकेट धुतल्याने खराब होते, ही समजूत चुकीची आहे. घामाचे मीठ आणि तेल आत साठू दिले, तर जॅकेट लवकर खराब होते. साऱ्या चेन लावून, कोमट पाण्यात, अशा कापडासाठी मिळणाऱ्या द्रव साबणाने हाताने धुवावे आणि दोनदा खळबळून काढावे. साध्या पावडरीचा अंश कापडात राहून पाणी ओढतो, आणि कपडे मऊ करणारे कंडिशनर तर लेपावर स्वतःचा थर चढवते. मशीनच्या जोरदार पिळणीत ते घालू नये, कारण न पाझरणाऱ्या कापडात पाणी अडकून ड्रमचा तोल जातो. पिळू नये, ब्लीच लावू नये, ड्रायक्लीनला देऊ नये. बगलेच्या चेन उघडून, रुंद हँगरवर, पंख्याखाली वाळवावे. ओले जॅकेट पिशवीत रात्रभर राहिले, तर झडीच्या दिवसांत बुरशी धरते.

वाळल्यावर, लेबलवर मुभा असेल तर, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने थकलेला लेप पुन्हा जागा होतो. मग हाताने पाणी शिंपडून पाहावे, आणि तरीही कापड काळपट ओले झाले, तरच जलरोधक फवारा विकत घ्यावा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. स्वस्त जॅकेटांना आतून पॉलियुरेथेनचा थर असतो आणि उष्णता व दमट हवा मिळून तो चिकट करतात, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा स्कूटरच्या डिकीत जॅकेट कोंबून ठेवू नये. शिवणीची टेप सुटली, तर ती बदलून घेता येते. पण कॉलरशी आतून पांढरे पापुद्रे गळू लागले, तर कोणताही फवारा उपयोगाचा नाही. असे जॅकेट पावसातून काढून डिसेंबरच्या पहाटेसाठी ठेवावे. पाणी अडले नाही, तरी थंड वारा ते आणखी बरेच दिवस अडवते.