शंभर यार्डांची रेघ आणि साडेसहाचा ढोल

नाशिकच्या सिडकोतली सकाळ, शाळा भरायच्या आधीची. टेपचं एक टोक काकूंनी शाळेच्या गेटला दाबून धरलंय आणि दुसरं टोक घेऊन त्या हिरव्या साडीतल्या मावशी निघाल्यात, मधे रिक्षा आली तरी टेप सोडत नाहीत. टेप 30 मीटरची, एका बांधकामावरून मागून आणलेली, म्हणून तीनदा लावायची आणि वर दीड मीटर. झाले 100 यार्ड. तिथे फक्कीची रेघ.

2003 च्या तंबाखू कायद्यात आहे हे, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. बोर्ड सगळीकडे दिसतात, पण अंतर मोजलं कोणी? ह्या बायकांनी मोजलं, आणि रेघेच्या आत तीन टपऱ्या निघाल्या.

आता दंड किती, तर 200 रुपयांपर्यंत. एवढे तर टपरीवाला सकाळच्या चहालाच काढतो. म्हणून काकूंच्या पिशवीत दुसरा कागद असतो, 2015 चा बाल न्याय कायदा, कलम 77. लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ दिला तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. बघा, टपरीवाला आधी हसतोय, मग कागद हातात घेतोय, मग परत पहिल्यापासून वाचतोय.

(थोडा वेळ फक्त रस्त्याचा आवाज)

ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकरोडच्या पुढे शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन ह्या ड्रगचा कारखाना पकडला, सुमारे 300 कोटींचा माल, आणि अख्खं शहर हादरलं, मोर्चे निघाले. मोर्चा संपला की सगळे घरी. पोरं मात्र रोज संध्याकाळी मोकळीच, आई कंपनीत, बाप सेकंड शिफ्टला, आणि तेवढ्या दोन-अडीच तासातच कोणीतरी म्हणतं, चल रे, एकदा ट्राय करून बघ.

ते दोन-अडीच तास काकूंच्या ह्या ढोल-ताशा पथकाने घेतले.

साडेसहा वाजले की मैदानात ढोल येतात. आधी ताणायचे, आणि ते काम सोपं नाही, एक जण ढोलाला पाय लावून दोरी ओढतो, दुसरा गाठ धरतो, तिसरा ढोलाच्या पानावर बोट मारून कान लावतो, सैल वाटलं की परत ओढ. हातांना फोड येतात, ह्या पोराचा तळवा बघा, चिकटपट्टी लावलीये आणि तरी टिपरू सोडत नाही. नवीन पोराला पहिले काही दिवस ढोल मिळतच नाही, त्याने दोऱ्या ओढायच्या, पाणी आणायचं, मांडीवर हात मारून ठेका पाठ करायचा. सगळे ज्यांना दादा म्हणतात ते मधे उभे असतात, ओरडत नाहीत, चुकलं की नुसता हात वर करतात आणि सगळे ढोल एकदम थांबतात. नियम एकच, सरावाला येताना खिसे दाखवायचे. गुटख्याची पुडी निघाली तर घरी पाठवत नाहीत, उलट त्याला शेवटपर्यंत थांबवतात, ढोल आवरायला. मला हे सगळ्यात जास्त पटलं, कारण घरी पाठवलेला पोरगा घरी जातोच असं नाही.

(ढोल, पूर्ण आवाजात. इथे निवेदन नाही.)

ह्या गल्लीतले दोघं व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आले, एक सावरला, दुसरा परत त्यात गेला. त्याच्या घरी कॅमेरा नेला नाही.

ती कोपऱ्यात उभी आहे ना, लाल ओढणीवाली, ती ताशाला बसते, पथकातली पहिली मुलगी. भावाला सोडायला यायची, आता तो तिला सोडायला येतो.

नऊ वाजले. दोऱ्या सैल करून ढोल खोलीत ठेवतायत, काकू दारात वही घेऊन आज कोण आलं नाही ते लिहितायत. दोन नावं. त्या दोघांच्या घरी त्या आत्ता जाणार, आणि आम्ही त्यांच्या मागे चाललोय. स्क्रीनवर दिसतोय तो 14446 नंबर व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा आहे, फोन फुकट लागतो, काकूंच्या वहीच्या पुठ्ठ्यावर पण तोच लिहिलाय.