सेप्सिस : डिस्चार्ज मिळाल्यानंतर

[दृश्य : आयसीयूतला मॉनिटर. श्वासाचा वेग मिनिटाला २८.]

आयसीयूबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना बहुतेक वेळा एवढंच कळतं, की इन्फेक्शन अंगभर पसरलंय. पण सेप्सिसमध्ये केवळ जंतू घात करत नाहीत. त्यांच्याशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारयंत्रणाच बेताल होते आणि मूत्रपिंडं, फुप्फुसं, मेंदू यांचं काम बिघडवू लागते.

सुरुवात सर्वाधिक वेळा न्यूमोनियातून होते. त्याखालोखाल पोटातला किंवा लघवीच्या मार्गातला संसर्ग. रुग्ण बहुधा वयस्कर असतो किंवा अगदी तान्हं बाळ. मधुमेह, कॅन्सर, मूत्रपिंडाचा जुना विकार असं काहीतरी आधीचं असतं. धडधाकट माणूसही यातून सुटतोच असं नाही.

वयस्कर रुग्णात हा आजार फसवतो, कारण ताप येईलच याची खात्री नसते. कधी अंग उलट गार पडतं, आणि अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ताप असलेल्यांपेक्षा जास्त आढळतं. आजी कालपासून असंबद्ध बोलताहेत, धाप लागतेय, लघवी कमी झालीय, तर वयामुळे होतंय म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

[दृश्य : नर्स ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी, रक्त घेते.]

रक्तदाब कोसळला असेल तर पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. सोबत सलाईन, लॅक्टेटची तपासणी (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक), गरज पडल्यास रक्तदाब टिकवणारं औषध. कल्चर पुष्कळदा निगेटिव्ह येतं; तेवढ्यावरून सेप्सिस नाही असं म्हणता येत नाही.

२०१७ साली जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला, १ कोटी १० लाख दगावले. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे एक. सेप्टिक शॉकपर्यंत, म्हणजे सेप्सिसमुळे औषधाशिवाय रक्तदाब टिकत नाही अशा अवस्थेपर्यंत, गेलेल्यांमध्ये तर रुग्णालयातच मरण पावणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे.

[दृश्य : वॉर्डात वॉकर धरून उभी राहणारी बाई.]

घरी परतणाऱ्यांची मोजणी मात्र डिस्चार्जपाशीच थांबते, आणि ती चूक आहे. त्यांच्यापैकी साधारण निम्मेच पुरते सावरतात. सुमारे एक तृतीयांश वर्षभरात दगावतात. इतर अनेकांचे स्नायू झिजलेले असतात, गिळताना ठसका लागतो, हिशेब जमत नाहीत, नावं आठवत नाहीत. जवळपास ४० टक्के जण ९० दिवसांच्या आत पुन्हा भरती होतात, पुष्कळदा नव्या संसर्गामुळे.

तरीही डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहिलेलं असतं. तिथे सेप्सिस असा स्पष्ट उल्लेख हवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना धोका कळेल. नातेवाइकांनी तो मागून घ्यावा. व्यायाम कोण शिकवणार, गिळण्याची तपासणी झाली का, मूत्रपिंडांच्या आताच्या स्थितीनुसार जुन्या गोळ्यांचे डोस बदलायचे का, आणि पुन्हा धाप लागली किंवा गोंधळल्यासारखं झालं तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे घरी निघण्याआधीच विचारून घ्यावं.